कागद कोणाचा टिकला?

मंडळी, पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतले कोट्यवधी कागद आहेत. अडीचशे वर्षांपूर्वीचा एखादा कागद उघडला, तर बऱ्याचदा तो कापडासारखा मऊ लागतो, अक्षर काळंभोर दिसतं. कसर लागलेले, भिजलेलेही पुष्कळ आहेत, ते सोडून देऊ. पण शंभर वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र उघडून बघा. घडीवर तुकडा पडतो. असं का, ते आज आपण पाहू.

जुन्नरचा आणि दौलताबादचा कागद त्या काळी नावाजलेला. दौलताबादजवळचं कागजीपुरा हे गाव तर कागद्यांचंच. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी हलवली, तिच्याबरोबर हे कारागीर आले, अशी परंपरा सांगतात.

काम मोठं चिकाटीचं. चिंध्या, जुने दोर, तागाची पोती चुन्याच्या पाण्यात भिजवायची. मग पायाने चालवायच्या जड लाकडी दांड्याखाली कुटायची, वाहत्या पाण्यात धुवायची, पुन्हा कुटायची. हा लगदा हौदातल्या पाण्यात सोडला, की कारागीर गवताच्या काड्यांची चटई बसवलेली चौकट आत बुडवून अलगद वर उचलतो. पाणी गळतं, तंतू एकमेकांत गुंततात. झाला कागद! ओले ताव दाबून पाणी काढायचं, गुळगुळीत भिंतीवर चिकटवून वाळवायचे, खळ लावायची आणि दगडाने घोटायचे. खळ नसती तर शाई फुटली असती, आणि घोटल्याशिवाय बोरू सरकत नाही.

आता लक्षात घ्या, यात तंतू लांब राहतात आणि चुना आम्लाला मारतो. शाईही काजळीची, ती कागद खात नाही.

युरोपात १७९९ मध्ये रॉबेर या फ्रेंच माणसाने कागदाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. चिंध्या अपुऱ्या पडू लागल्या. १८४४ च्या सुमारास जर्मनीत केलरने लाकूड दगडावर घासून लगदा काढला. कागद स्वस्त झाला, वर्तमानपत्रं घरोघरी गेली, हे मोठंच काम झालं. पण लाकडातलं लिग्निन कागदात राहिलं, खळीऐवजी राळ आणि तुरटी आली. तुरटी आम्लधर्मी, ती आतून तंतू तोडत राहते.

म्हणजे पेशव्यांचा हिशेब वाचता येतो, आणि आपल्या पणजोबांनी वाचलेली बातमी हातात चुरा होते. आमच्या मते ग्रंथालयांनी आधी वर्तमानपत्रांच्याच प्रती काढून ठेवायला हव्यात. मोडी कागद थोडी वाट बघू शकतील.