भरलेले पिंजरे, रिकामा माळ

म्हैसूरचं प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असतं. ही माहिती आधीच काढून ठेवली होती, त्यामुळे डिसेंबर २०२१ मधली आमची सहल मंगळवार चुकवून आखली. पुण्याहून निघायचं, कोल्हापूरला आबांना गाडीत घ्यायचं, चित्रदुर्गला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी म्हैसूर. आबा म्हणजे माझे वडील. घरात त्यांना सगळेच आबा म्हणतात, अगदी नातसुद्धा. गाडीत ते असले की रेडिओची गरज पडत नाही. कोल्हापूर सोडल्यापासून त्यांनी लेकीला राजर्षी शाहू महाराजांच्या शिकारीच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली होती. हावेरी मागे पडून राणेबेन्नूर आलं तरी गोष्टी संपल्या नव्हत्या. तिथून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसता मोकळा मुलूख. शेतं, मध्येच एखादी टेकडी आणि चित्रदुर्ग जवळ येईल तसतशा पवनचक्क्या. हा मुलूख लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

म्हैसूरचं हे प्राणिसंग्रहालय देशातल्या जुन्यांपैकी एक. १८९२ मध्ये दहाव्या चामराजेंद्र वोडेयरांनी ते राजवाड्याचं म्हणून सुरू केलं. १९०९ पासून त्याला त्यांचंच नाव आहे. त्या काळी राजाकडे हत्ती-घोड्यांबरोबर वाघ-सिंह असणं हा दरबारी थाटाचा भाग होता. आपल्या पेशव्यांकडेही शिकारखाना होता. त्यातल्या गेंड्याचं १७९० मध्ये गंगाराम तांबट यांनी काढलेलं चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पुढे राजांचे हे खासगी शिकारखाने हळूहळू लोकांसाठी खुले झाले, आणि आज आपण तिकीट काढून आत शिरतो. असो.

आत गर्दी बरीच होती. जिराफ पाहून झाले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीहून आलेले गोरिला पाहून झाले, आणि आम्ही चित्त्यापाशी पोचलो. ऑगस्ट २०२० मध्ये इथे दक्षिण आफ्रिकेहून तीन चित्ते आणले होते, एक नर आणि दोन माद्या. आम्हाला त्यातला एक दिसला. कुंपणापासून बराच लांब, झाडाच्या सावलीत, मान वर करून बसलेला. शेजारचे एक गृहस्थ मुलाला ‘तो बघ बिबट्या’ म्हणून दाखवत होते. यात त्यांचा काही दोष नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी दोन्ही जनावरं पुस्तकातच पाहिलेली. बिबट्याच्या अंगावर फुलांसारखी पोकळ वर्तुळं असतात, चित्त्याच्या अंगावर भरीव काळे ठिपके. शिवाय चित्त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत दोन काळ्या रेघा उतरतात, काजळ ओघळल्यासारख्या.

आबा म्हणाले, “आमच्या कोल्हापुरात होते की हे. माझ्या वडिलांनी रस्त्यानं दोरी धरून फिरवताना पाहिलेत. कुत्र्यासारखे चालायचे.”

लेकीनं फलक वाचला. त्यावर आफ्रिकेचं नाव होतं. तिनं विचारलं, “आबा, म्हणजे हे आपल्याकडचे आहेत की तिकडचे?”

आबा थोडं थांबले आणि म्हणाले, “आपल्याकडचेच. पण तिकडून आणलेले.”

हे उत्तर ऐकून आम्ही सगळे हसलो. पण घरी आल्यावर मी या विषयावरचं मिळेल ते वाचत गेलो, आणि चित्त्याचा भारतातला सगळा शेवट आबांच्या या दोन वाक्यांत आहे असं मला वाटायला लागलं.

आधी ‘आपल्याकडचेच’ हा भाग. चित्ता हा शब्दच आपला. अंगावर चित्रं काढल्यासारखे ठिपके म्हणून संस्कृतात चित्रक. त्यावरून चित्ता, चीता, आणि इंग्रजीनंही तो शब्द आपल्याकडूनच उचलला. दख्खनच्या माळरानांसह भारताच्या मोठ्या भागात तो होता. त्याला दाट जंगल नको, मोकळा माळ हवा आणि माळावर काळवीट हवं. माणसानं त्याला शिकारीसाठी हाताशी धरलं ते याच कारणानं. वाघ माणसाळत नाही, बिबट्याचा भरवसा नाही, चित्ता मात्र काही महिन्यांत माणसाच्या सवयीचा होतो.

त्याची पद्धत ठरलेली होती. चित्ते ठरावीक झाडांपाशी पुन्हा पुन्हा येतात. अशी झाडं हेरून पारधी त्यांच्याभोवती फास लावत. पिल्लं धरण्यात फायदा नसे, कारण शिकार करायला आईच शिकवते. म्हणून आईच्या हाताखाली तयार झालेला, वयात आलेला चित्ताच धरायचा. मग डोळ्यांवर टोपी बांधून त्याला खाटेला जखडायचं, माणसांच्या गलक्यात ठेवायचं आणि हातानं भरवायचं. तयार झाला की बैलगाडीवर बसवून काळविटांच्या कळपाजवळ न्यायचं आणि टोपी काढायची. पुढचा सगळा खेळ काही सेकंदांचा. काळवीट पडलं की चित्तेवान धावत जाई, चित्त्याला त्याचा वाटा देई आणि टोपी पुन्हा चढवी.

मोगलांच्या काळात हा शौक फार वाढला. अकबरानं उभ्या हयातीत नऊ हजार चित्ते जमवले होते, असं जहांगीरनं आपल्या आठवणींत लिहिलं आहे. आकड्यात दरबारी अतिशयोक्ती असेल असं धरलं, तरी तो लहान होणार नाही. त्याच आठवणींत आणखी एक नोंद आहे. मला ती या आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते. १६१३ च्या सुमारास एक नर चित्ता गळ्यातला पट्टा सोडवून मादीपाशी गेला आणि पुढे तिला तीन पिल्लं झाली. जहांगीरला हे नवल वाटलं म्हणून त्यानं ते लिहून ठेवलं. पाळलेल्या चित्त्यांना पिल्लं झाल्याची यानंतरची नोंद थेट १९५६ ची आहे, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. मध्ये जवळजवळ साडेतीनशे वर्षं गेली.

याचा अर्थ सरळ आहे. घोडे, हत्ती, कुत्री यांच्यासारखी चित्त्याची गोष्ट नव्हती. शिकारखान्यातला प्रत्येक चित्ता रानातून धरून आणलेला होता आणि तो मेला की त्याच्या जागी रानातूनच दुसरा आणावा लागे. पिंजऱ्यात जनावर येत होतं, पिंजऱ्यातून रानात एकही परत जात नव्हतं. त्यातही धरला जाई तो जाणता, शिकार येणारा चित्ता, म्हणजे ज्याच्यावर पुढची पिढी अवलंबून तोच. हे शतकानुशतकं चाललं. त्यात एकोणिसाव्या शतकात माळ नांगराखाली जाऊ लागले, बंदुकीनं काळवीट कमी केलं, आणि चित्ता मारणाऱ्याला सरकारकडून बक्षीस मिळण्याचीही सोय झाली.

आता ‘पण तिकडून आणलेले’ हा भाग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संस्थानिकांना शिकारीसाठी देशी चित्ते मिळेनासे झाले. तेव्हा ते आफ्रिकेहून बोटीनं मागवले जाऊ लागले. चित्त्याच्या इतिहासावर ज्यांनी सर्वांत जास्त काम केलं त्या दिव्यभानुसिंहांच्या हिशेबानं १९१८ ते १९४५ या काळात असे सुमारे दोनशे चित्ते भारतात आले. कोल्हापूर आणि भावनगर ही संस्थानं यात आघाडीवर होती. शाहू महाराज १९२२ मध्ये गेल्यावर राजाराम महाराजांच्या काळातही कोल्हापुरात हा शौक चालू राहिला. कोल्हापूरच्या चित्त्यांची त्या वेळची छायाचित्रं अनेक ठिकाणी छापली गेली आहेत. गाडीवर टोपी घालून बसलेले चित्ते, शेजारी फेटा बांधलेले चित्तेवान. चित्र अगदी मोगल काळातलं वाटावं असं. फरक इतकाच, की जनावर आफ्रिकेतलं.

आबांच्या वडिलांनी रस्त्यात पाहिले ते बहुधा हेच चित्ते. आता त्यांच्या जागी उभं राहून बघा. शहरात चित्ते आहेत, चित्तेवान आहेत, महाराज शिकारीला निघाले की लोक बघायला गर्दी करतात. मग चित्ता संपत आला आहे, हे कुणाच्या मनात कशाला येईल? डोळ्यांसमोर तर आहे! आपल्या माळावरचा चित्ता कधी दिसेनासा झाला हे फारसं कुणाला जाणवलं नाही. त्याची इतर कारणं असतीलच. पण मला वाटतं, पिंजरे भरलेले होते हेही त्यातलं एक मोठं कारण असावं. जे रोज नजरेला पडतं ते गेलं असं माणूस मानत नाही.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असेल. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानचे महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी रात्री मोटारीतून जाताना तीन चित्ते मारले. तिन्ही नर, बहुधा भाऊ. भारतातल्या रानातल्या चित्त्यांची ही शेवटची खात्रीची नोंद मानली जाते. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं सरकारनं जाहीर केलं. आशियाई चित्ते आता फक्त इराणात उरले आहेत, तेही अगदी मोजके.

आमच्या सहलीनंतर वर्षाच्या आतच, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून आणखी बारा आले. त्यातले काही मेले, काहींना इथेच पिल्लं झाली. बातम्या बघताना आबांचं वाक्य मला पुन्हा ऐकू येतं: आपल्याकडचेच, पण तिकडून आणलेले. या प्रयत्नाची टिंगल करायची नाही. एक मोठा फरक आहेच. चार शतकं चित्ता रानातून पिंजऱ्याकडे जात होता, आता पहिल्यांदाच त्याला पिंजऱ्यातून रानात सोडायचं म्हणून माणसं धडपडत आहेत. तो सोडायचा तर रान हवं, हेही त्यामुळे पुन्हा बोलायला लागतं आहे.

आणि खरी अडचण तिथेच आहे. चित्त्याचा माळ आपल्या लेखी जंगल नाही, ती पडीक जमीन. झाडं नसतील तर तिथे वाचवण्यासारखं काय आहे, असं आपण धरून चालतो. राणेबेन्नूरच्या ज्या मुलखातून आम्ही गप्पा मारत गेलो, तिथे १९७४ मध्ये काळविटांसाठी अभयारण्य झालं, आणि तिथे माळढोकही दिसत असे. आपल्याकडे नगर जिल्ह्यात कर्जतजवळच्या रेहेकुरीला आजही काळवीट आहेत. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये खास माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं. आज तिथे माळढोक दिसणं ही बातमी होते.

माळढोकाचं सध्या काय चाललंय? राजस्थानात जैसलमेरकडे २०१९ पासून रानातली अंडी उचलून, कृत्रिम उष्णतेत उबवून पिल्लं वाढवली जात आहेत. काम अवघड आहे, आवश्यक आहे, आणि करणारी माणसं जीव तोडून करत आहेत. जहांगीरला जे नवल वाटलं ते आता माणसाला ठरवून जमू लागलं आहे, ही साधी गोष्ट नव्हे. पण उद्या त्या केंद्रात पक्षी वाढले, त्यांचे फोटो आपल्या मोबाईलवर यायला लागले, की आपण म्हणणार, माळढोक वाचला. तेव्हा कुणीतरी विचारायला हवं की तो माळावर किती आहे, आणि मुळात माळ किती आहे.

कोल्हापूरच्या रस्त्यात चित्ते फिरत होते तेव्हा हे विचारायचं राहून गेलं होतं.