सुईणीच्या ओंजळीतलं पाणी



कॅथलिक घरांत सात संस्कार मानतात. बाप्तिस्मा म्हणजे स्नानसंस्कार, मग दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. पाणी, तेल, भाकर अशा साध्या, डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेतून देवाची न दिसणारी कृपा माणसापर्यंत पोचते, असा त्यामागचा विश्वास. यातले बहुतेक संस्कार बिशप किंवा धर्मगुरूंच्या हातून होतात. पण पहिला, ज्याच्याशिवाय बाकीचे सहा घेताच येत नाहीत, तो बाप्तिस्मा शेकडो वर्षं कितीतरी बाळांना बाळंतिणीच्या खोलीत, सुईणीच्या हातून मिळाला. आज तिची गोष्ट सांगायची आहे.

जुन्या काळी बाळं किती दगावत, हे आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिलेलं आहे. तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये साधारण चारातलं एक मूल पहिला वाढदिवस पाहत नसे. त्यात शिकवण अशी होती, की बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या बाळाला स्वर्ग नाही. त्याला शिक्षा नाही, त्रास नाही, पण देवाचं दर्शनही नाही. त्या जागेला ‘लिंबो’ म्हणत. शिवाय अशा बाळाला चर्चच्या दफनभूमीत जागा मिळत नसे. नऊ महिने पोटात वाढवलेलं मूल गेल्याचं दुःख एक, आणि ते कायमचं वेगळं पडल्याचं दुसरं.

आडवं आलेलं मूल, रात्रीची वेळ, चर्च दोन कोसांवर. धर्मगुरू येईपर्यंत बाळ राहील का? म्हणून चर्चने नियम केला होता, की जीव धोक्यात असेल तर बाप्तिस्मा कोणीही द्यावा. १४३९ साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने ते स्पष्ट लिहून ठेवलं: पुरुष देऊ शकतो, बाई देऊ शकते, इतकंच काय, ख्रिस्ती नसलेली व्यक्तीही देऊ शकते. साधं पाणी ओतायचं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देते असं म्हणायचं, आणि चर्चला जे अभिप्रेत आहे ते करण्याचा हेतू मनात ठेवायचा. म्हणजे हिंदू किंवा मुसलमान सुईणीने दिलेला बाप्तिस्माही पक्का. हा मोठेपणा मला आजही विशेष वाटतो. वेदीजवळ जिला धर्मगुरूची जागा कधीच मिळाली नाही, तिच्या ओंजळीतलं पाणी मात्र त्यांच्या पाण्याइतकंच खरं मानलं गेलं.

अर्थात अधिकारामागून देखरेखही आली. १६१४च्या रोमन विधिग्रंथात धर्मगुरूंना बजावलं आहे, की लोकांना, विशेषतः सुईणींना, बाप्तिस्म्याची नीट रीत शिकवा. फ्रान्सच्या पूर्वेकडच्या लोरेनसारख्या भागात तर गावच्या बायका जमून आपली सुईण निवडत आणि ती धर्मगुरूंसमोर शपथ घेई. बायकांनी मत देऊन कुणाला निवडायचं, असं त्या काळात दुसरं काय होतं? फारसं काही नाही.

बाळ जगलं, तर त्याला चर्चमध्ये नेत. मग धर्मगुरू सुईणीला विचारत: पाणी कुठलं होतं? डोक्यावर ओतलंस का? शब्द काय म्हणालीस? उत्तर पटलं, तर बाप्तिस्मा पुन्हा देत नसत, कारण तो आयुष्यात एकदाच. फक्त तेल लावणं वगैरे राहिलेले विधी पुरे करत. शंका आली तर ‘आधी झाला नसेल तर’ अशी अट घालून देत. फ्रान्सच्या जुन्या नोंदवह्यांत ‘घरी सुईणीने पाणी ओतलं’ अशा ओळी पुष्कळ सापडतात.

पण बाळ मेलेलंच जन्मलं तर? मेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही. इथे आयांची तगमग कुठवर गेली, ते स्वित्झर्लंडमधल्या बर्नजवळच्या ओबरब्यूरेन गावात कळतं. तिथल्या मरियेच्या मंदिरात लांबलांबून मृत बाळं आणत. काही बायका ती निखाऱ्यांच्या आणि मेणबत्त्यांच्या उबेत ठेवत आणि ओठांवर पीस ठेवत. ऊबेच्या हवेने पीस हललं, की श्वास आला म्हणून लगेच बाप्तिस्मा, आणि मग पवित्र भूमीत दफन. १४८६ साली कॉन्स्टन्सच्या बिशपांनी पोपकडे याची तक्रार केली. सुधारणेच्या चळवळीत, १५२८ साली, ते मंदिर पाडलं गेलं. १९९०च्या दशकात तिथे खोदकाम झालं, तेव्हा सुमारे अडीचशे तान्ह्या बाळांचे सांगाडे मिळाले. याला भोळेपणा म्हणणं सोपं आहे. मला तसं म्हणवत नाही.

त्याच सुधारणेच्या चळवळीतल्या जिनिव्हाच्या कॅल्व्हिन यांनी बायकांनी बाप्तिस्मा देणं साफ नाकारलं. त्यांचं म्हणणं, देवाचं वचन जन्माआधीपासूनच बाळाला आहे, मग घाई कसली? विचार केला तर गंमतच आहे. त्यांनी आईची भीती काढली, पण सुईणीचा अधिकारही काढून घेतला. कॅथलिक चर्चने अधिकार ठेवला, आणि भीतीही ठेवली.

ती भीती आयर्लंडमध्ये अगदी परवापरवापर्यंत होती. तिथे बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांसाठी गावाबाहेर वेगळ्या जागा असत. त्यांना ‘किलीन’ म्हणतात. पडक्या चर्चचं आवार, शेताचा बांध, समुद्राकाठ, असं कुठेही. बहुतेकदा बाप किंवा घरातला एखादा पुरुष रात्री बाळ घेऊन जाई, पुरून येई आणि वर बिननावाचा दगड ठेवी. आई घरी बाळंतपणाच्या खाटेवर. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चालू होतं.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वारं बदललं. १९७०च्या मिस्साग्रंथात बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळासाठी अंत्यविधीची प्रार्थना आली. १९८३च्या धर्मकायद्यानुसार आईबापांची बाप्तिस्मा देण्याची इच्छा होती एवढ्यावर, बिशपांच्या परवानगीने, अशा बाळाचा चर्चमध्ये अंत्यविधी होऊ शकतो. २००७ साली रोमच्या धर्मपंडितांच्या आयोगाने पोपच्या संमतीने लिहिलं, की ही बाळंही देवाच्या दयेत आहेत अशी आशा धरायला भक्कम कारण आहे.

सुईणीचा नियम मात्र तसाच आहे. आजही प्रसूतीच्या खोलीत बाळाचा जीव धोक्यात असेल, तर नर्स, आजी, शेजारीण, कोणत्याही धर्माची असो, आईबापांच्या वतीने तिने ओतलेलं पाणी चालतं. आणि आयर्लंडमध्ये गेल्या काही दशकांत गावकऱ्यांनी बऱ्याच किलीन शोधून साफ केल्या आहेत. तिथे स्मारकाचे दगड उभे राहिले आहेत आणि ज्यांच्यासाठी तेव्हा दार बंद होतं, त्या बाळांसाठी धर्मगुरू तिथे जाऊन प्रार्थना करतात.