आजीची कवळी

आजी कवळी घालूनच झोपायची. बोळकं कुणाला दिसू नये म्हणून. शेवटी तोंडातली टाळू लालभडक झाली. कारण, कँडिडा ही बुरशी.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस ॲक्रिलिक आलं आणि रबराच्या काळपट कवळ्या मागे पडल्या. हिरडीसारखा गुलाबी रंग मिळाला. पण बारीक छिद्रांत बुरशीलाही घर मिळालं. १९५० मध्ये एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन यांनी मातीतल्या जिवाणूपासून निस्टॅटिन हे बुरशीनाशक शोधलं. औषधाने तोंड बरं होतं, पण कवळीत उरलेली बुरशी परत पसरते. म्हणून संशोधक आता ॲक्रिलिकमध्येच चांदीचे नॅनोकण मिसळून बघतायत. त्यातून सुटणारे आयन बुरशी मारतात. चांदी जास्त झाली, तर मात्र गुलाबी रंग काळवंडतो.

आजही डॉक्टर सांगतात, कवळी घासा, रात्री काढून ठेवा. आजीला हे माहीत होतं. तिला फक्त लाज वाटायची.