चोरलेली जात आणि लपवलेले पाप

लपवलेले पाप हा अभिजात कथेचा एक जुना विषय. नॅथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाची एक कथा १८३६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातला धर्मोपदेशक एके रविवारी चेहऱ्यावर काळा बुरखा घेऊन येतो आणि मरेपर्यंत तो काढत नाही. त्याचे पाप कोणते, हे लेखक सांगत नाही. मरताना तो एवढेच म्हणतो, की मला प्रत्येक चेहऱ्यावर काळा बुरखा दिसतो आहे.

या प्रतीकामागे इतिहास आहे. १६९२ साली सेलम येथे चेटकाच्या आरोपावरून १९ माणसे फासावर गेली. त्या खटल्यांतील एक न्यायाधीश जॉन हॅथॉर्न हा या लेखकाचा पूर्वज. १८५० च्या 'द स्कार्लेट लेटर' या कादंबरीच्या प्रस्तावनेत लेखकाने पूर्वजांची लाज स्वतःच्या माथी घेतली.

वर्गात ही कथा शिकवताना मी विचारतो : आपल्या समाजात हा बुरखा कुणी घ्यायचा, आणि घेतला कुणी?

१९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या या माणसाला शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव धारण करून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली आणि रात्रीच्या गाडीची वाट पाहत त्यांना सार्वजनिक बागेत बसावे लागले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे सारे लिहून ठेवले आहे.

बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ साली आला. शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परमुलखात जातो, जात लपवून खोली मिळवतो आणि उघडकीस येताच मार खातो. 'चोरली' या शब्दापाशी थांबले पाहिजे. चोरी म्हणजे दुसऱ्याची वस्तू घेणे. या माणसाने कुणाचे काय घेतले? भाड्याचे छप्पर आणि माणसासारखी वागणूक, एवढेच ना! जे हक्काचे, ते घेणे चोरी ठरते. आणि मारणाऱ्यांच्या मनाला अपराधाचा स्पर्शही होत नाही. म्हणजे पाप एकाचे आणि बुरखा दुसऱ्याच्या तोंडावर. अभिजात कथेचे प्रतीक इथे उलटे झाले आहे. त्याच कथेतला काशिनाथ मात्र जात न लपवता ताठ उभा राहतो. तो बुरखा नाकारतो.

ही केवळ पुस्तकातली गोष्ट नव्हे. माझे गाव दुधनी, अक्कलकोट तालुक्यातले, कर्नाटकाच्या सीमेलगतचे. बाजारात कानडी आणि मराठी शेजारी नांदतात, पण आडनावाची चौकशी दोन्ही भाषांत तितक्याच सफाईने होते. घरातला पहिला पदवीधर म्हणून मी शहरात खोली शोधत हिंडलो, तेव्हा भाड्याआधी आडनाव विचारले गेले. ते सांगण्यापूर्वी जीभ क्षणभर अडखळते. गुन्हा नसताना लाभलेली ती अपराधी भावना आमच्या पिढ्यांना वारशाने मिळाली आहे.

दलित कथेने हा वारसा परत करायला सुरुवात केली. आता प्रश्न प्रस्थापित मराठी कथेला आहे. हॉथॉर्नने पूर्वजांच्या अन्यायाकडे नजर वळवली. आपल्याकडे पाणवठे अडवणाऱ्यांच्या, खोल्या नाकारणाऱ्यांच्या वंशजांनी किती कथांतून तसे केले? तरुण मित्रांनो, आडनाव सांगताना मान खाली घालू नका. बुरखा ज्यांचा आहे, त्यांना तो ओळखू द्या.