सुपरमॅनचं व्यक्तिचित्र

व्यक्तिचित्र म्हटलं की समोर बसलेला माणूस हवा. सुपरमॅनला कुठून आणून बसवणार? अमेरिकन चित्रकार अलेक्स रॉसने खरी माणसं मॉडेल म्हणून उभी केली, त्यांचे फोटो काढले आणि ते पाहून गुआश रंगांत चित्रं रंगवली. १९९६ च्या ‘किंगडम कम’मधल्या वृद्ध धर्मोपदेशकासाठी तर त्याचे वडीलच मॉडेल झाले, तेही धर्मोपदेशकच होते.

१९९८ च्या ‘पीस ऑन अर्थ’च्या मुखपृष्ठावर मात्र उड्डाण नाही, मारामारी नाही, आहे तो सुपरमॅनचा चेहरा. या कथेत तो जगाची भूक भागवायला निघतो आणि हरतो. ताकद दाखवायला शरीर पुरतं. हार दाखवायला चेहराच लागतो. म्हणून मी या मुखपृष्ठाला व्यक्तिचित्र म्हणतो.