पायाखालची राजधानी

जुनं शहर पायी बघायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? वाडे, वेशी, तटबंदी, निदान एखादी पडकी कमान तरी. दाखवायला काही उभंच नसेल, तर गाइड तरी काय दाखवणार? हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात होता, कारण माझ्या गावाशेजारचं शहर नेमकं तसं आहे. म्हणून या वीकांताला जरा इतिहास. (कोड पुढच्या आठवड्यात, वैतागू नका.)

पार्श्वभूमी अशी. दोनेक वर्षांपूर्वी हापिसातल्या मित्रांबरोबर व्हिएतनामला गेलो होतो. होइ आन नावाचं गाव आहे तिथे. पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकात चिनी आणि जपानी व्यापाऱ्यांनी गजबजलेलं बंदर. पुढे नदी गाळानं भरत गेली, मोठी जहाजं दा नांगला जायला लागली आणि होइ आन मागे पडलं. मागे पडलं म्हणूनच जुनी घरं वाचली. १९९९ साली युनेस्कोच्या यादीत आलं. तिथे आठ जणांच्या गटाला तीन तास पायी फिरवणारी टूर आम्ही केली. गाइड मुलगी हुशार होती. प्रत्येक वळणावर स्पष्ट सांगायची, हे कागदोपत्री आहे, आणि हे माझी आजी सांगायची. मला ही पद्धत फार आवडली.

आता आमच्याकडे या. आमचं मूळ गाव रिठद, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. वाशिम म्हटलं की पुण्यातली पब्लिक विचारते, 'म्हणजे नक्की कुठे?' तर विदर्भात, अकोल्याच्या दक्षिणेला. इंग्रजांच्या काळात जिल्ह्याचं ठिकाण होतं, १९०५ साली ते अकोल्यात गेलं आणि १ जुलै १९९८ला पुन्हा वेगळा जिल्हा झाला. पण ही अगदी अलीकडची गोष्ट. होइ आनला जहाजं लागायच्या हजारेक वर्षं आधी हे गाव राजधानी होतं. नाव वत्सगुल्म, राजे वाकाटक.

गेल्या दिवाळीत पुण्याहून हापिसातले दोघं रिठदला आले होते. ते दोघं, मी, बायको, मावसभाऊ आणि नववीतला भाचा अशी सहा जणांची पलटण घेऊन आम्ही सकाळी वाशिमला पोचलो. गाइड म्हणून मावसभावाचे जुने शिक्षक, आता निवृत्त. सगळे त्यांना सरच म्हणतात. सरांनी निघायच्या आधीच अट घातली.

"पाहा, माह्याजवळ तीन खिसे हायेत. पहिल्यात त्या काळी कोरलेलं. दुसऱ्यात मंग कोनी लिहून ठेवलेलं. तिसऱ्यात लोक सांगतात थे. हरेक गोष्ट कोन्त्या खिशातली हाये थे मी आधी सांगीन. तिन्ही खिसे एकात कालवाचे नाहीत!"

पहिला थांबा पद्मतीर्थ. सकाळच्या वेळी तळ्याकाठी छान वाटतं. सरांनी सुरुवात तिसऱ्या खिशातून केली. इथे वत्स नावाच्या ऋषीनं घोर तप केलं, त्याच्यासाठी देव इथे जमले, त्या जमावाचा म्हणजे गुल्माचा म्हणून हा वत्सगुल्म. गावात एकशे आठ तीर्थं, आणि हे पद्मतीर्थ विष्णूनं केलेलं. मग दुसरा खिसा. कामसूत्रात वत्सगुल्माचं नाव येतं (भाचा शेजारीच होता, त्यामुळे सरांनी हा संदर्भ अलगद उरकला). त्यावरच्या जयमंगला टीकेत म्हटलंय की दक्षिणापथात वत्स आणि गुल्म नावाचे दोन राजपुत्र होते, त्यांच्यावरून हे नाव पडलं. म्हणजे एकाच नावाच्या दोन गोष्टी, आणि दोन्ही एकदम खऱ्या असणं कठीण.

"मग पहिल्या खिशात काय?" माझ्या मित्रानं विचारलं.

पहिल्या खिशात तांबं! १९३९ साली वाशिमचा ताम्रपट उजेडात आला. कुठल्याही उत्खननात नाही बरं का. वाशिममधल्याच एका शास्त्रीबुवांकडे तो होता. चार पत्रे. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती, त्याच्या कारकिर्दीचं ३७वं वर्ष, आणि ताम्रपट दिला ते ठिकाण वत्सगुल्म. अथर्ववेदी ब्राह्मणांना एक गाव दान दिल्याची ही नोंद. गाव नंदिकटाच्या, म्हणजे आजच्या नांदेडच्या, उत्तर भागातलं.

आता यात एवढं काय? सांगतो. अजिंठ्याच्या १६व्या लेण्यात वाकाटकांची वंशावळ कोरलेली आहे. पण दगड झिजलेला, आणि त्यातलं सर्वसेन हे नाव आधीच्या अभ्यासकांकडून चुकीचं वाचलं गेलं होतं. त्यामुळे वाकाटकांचं एक आख्खं घराणंच कुणाला दिसत नव्हतं. वाशिमच्या पत्र्यांवर मात्र सर्वसेनाचं नाव स्वच्छ होतं. वा. वि. मिराशींनी ते घेऊन अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला आणि कोडं सुटलं. पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन, इ.स. ३३०च्या सुमारास त्यानं वत्सगुल्मात वेगळी गादी मांडली. नंदिवर्धनची, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनची, शाखा वेगळी आणि ही वेगळी. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन टेबलं होती, ती जोडणारी की सापडत नव्हती. ती वाशिमच्या एका घरात पडून होती :)

त्या पत्र्यांची आणखी एक गंमत आहे. वंशावळीचा भाग संस्कृतात, आणि दानाचा खरा व्यवहार प्राकृतात. आपण नाही का, मेलची सुरुवात भारदस्त इंग्रजीत करतो आणि कामाचं बोलायला फोन उचलून मराठीत सुरू होतो? सोळाशे वर्षांपूर्वीही थोडंसं तसंच.

आणि ते प्राकृत काही कमी प्रतीचं नव्हतं बरं. खुद्द सर्वसेन राजानं 'हरिविजय' नावाचं प्राकृत काव्य लिहिलं होतं. ते आज हरवलंय, पण पुढच्या अलंकारशास्त्रकारांनी त्याची नोंद घेतली म्हणून आपल्याला माहीत आहे. इथल्या लेखनशैलीला तर गावाचंच नाव पडलं. वत्सगुल्माचं प्राकृतात झालं वच्छोम, आणि शैली वच्छोमी. राजशेखर, इ.स. ९००च्या आसपासचा, आपल्या 'कर्पूरमंजरी'त वच्छोम नगराचा उल्लेख करतो. 'काव्यमीमांसे'त तर तो काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्नच वत्सगुल्मात लावून देतो. (दुसरा खिसा. लग्नाची पत्रिका कुणी मागू नये.)

आम्ही चालत होतो ते रस्ते अगदी साधे. दुकानं, दुचाक्या, दिवाळीच्या पणत्यांचे ढीग. शेवटी भाच्यानं विचारलंच.

"सर, पन राजवाडा कुठं हाये?"

"अरे बाबू, असंल पायाखाली. पन कुठं, थे खंदल्याशिवाय कोनी सांगत असंल तर तो फेकते."

इथे मला होइ आनजवळचं मी सोन आठवलं. चंपा राज्याच्या देवळांचा समूह आहे तो. चौथ्या शतकाच्या अखेरीला राजा भद्रवर्मानं तिथे भद्रेश्वर नावाचं शिवमंदिर बांधलं. ते पुढे जळालं, शंभुवर्मानं ते पुन्हा उभारलं, आणि आज दिसणारी विटांची देवळं तर बरीचशी त्यानंतरची. पहिल्या मंदिराची माहिती आहे ती शिलालेखांमुळे. म्हणजे जवळजवळ एकाच काळात दूरच्या दोन राज्यांत संस्कृतात लेख कोरले जात होते, आणि दोन्हीकडे त्या वेळच्या इमारतींपेक्षा अक्षरंच जास्त टिकली. यावरून लगेच 'वाकाटकांनी व्हिएतनाम जिंकलं' असा मेसेज पाठवू नका प्लीज. तसा काहीही पुरावा नाही.

मेसेजवरून आठवलं. मावसभावानं मोबाइलवर आलेला एक फॉरवर्ड दाखवला, 'अजिंठ्याची सर्व लेणी वाशिमच्या राजांनी कोरली.' सरांनी चष्मा पुसला आणि शांतपणे एकेक मुद्दा घेतला. १६वं लेणं हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं करवलं, हे तिथेच कोरलंय. पहिला खिसा, प्रश्नच नाही. १७वं त्याच काळातलं, पण ते एका मांडलिक राजानं करवलं. आणि ९वं, १०वं ही त्याच्या कितीतरी शतकं आधीची, सातवाहनांच्या काळातली. "खरं हाये थे काय कमी हाये का रे? मंग खोटं कायले जोडतं?" मावसभाऊ गप्प. मीही गप्प, कारण या वाक्याला उत्तर नव्हतं.

पुढचा थांबा मध्यमेश्वर. हा आमच्या जमातीला आवडेल असा. प्राचीन ज्योतिषात पृथ्वीची मध्यरेखा लंकेपासून उज्जयिनी, कुरुक्षेत्र करत मेरूपर्यंत जाते. भास्कराचार्यांच्या 'करणकुतूहल' या ११८३च्या ग्रंथात या रेषेवरच्या गावांची यादी आहे, आणि तिच्यात वत्सगुल्म आहे. गावातले लोक मानतात की ती रेषा या मध्यमेश्वराच्या देवळातून जाते. मित्रानं लगेच जीपीएस काढलं. वाशिम साधारण ७७.१ अंश पूर्व. उज्जैन ७५.८, कुरुक्षेत्र ७६.८. म्हणजे उज्जैनपासून सव्वा-दीड अंशाचा फरक, या अक्षांशावर १४० किलोमीटरच्या आसपास. वेळेत मोजलं तर पाचेक मिनिटं. कुरुक्षेत्राशी मात्र वाशिम बऱ्यापैकी जुळतं. उपग्रह नाही, अचूक घड्याळ नाही, आणि एवढ्या लांबच्या गावांमध्ये पाच मिनिटांची चूक! आपल्या हापिसातल्या मीटिंगा याहून उशिरा सुरू होतात.

मग बालाजीचं देऊळ आणि त्याचं तळं. हे अठराव्या शतकातलं. साबाजी भोसल्यांचा दिवाण भवानी काळू यानं बांधलं. तिसऱ्या खिशात इथली एक सुंदर गोष्ट आहे. औरंगजेबाच्या काळात मूर्ती जमिनीत लपवून ठेवल्या, पुढे जागा विसरली, आणि एका घोडेस्वारानं सहज काठीनं माती उकरली तर मूर्तीचं बोट दिसलं. सरांनी ही गोष्ट एवढी रंगवून सांगितली की विचारता सोय नाही. खिसा तिसरा म्हणून तिची किंमत त्यांच्या लेखी कमी नव्हती. फक्त खिसा कुठला ते सांगितलं, बस्स.

शेवटची जागा पायी जाण्यासारखी नव्हती, म्हणून ती चहावर झाली. वाशिमजवळच्या हिस्से बोराळा इथे देवसेन वाकाटकाच्या काळातला शिलालेख सापडलाय. त्याच्या एका अधिकाऱ्यानं सुदर्शन नावाचा तलाव बांधला, साल शके ३८०, म्हणजे इ.स. ४५८च्या सुमारास. वाकाटकांचे बाकीचे लेख 'राजाच्या राज्याचं अमुकावं वर्ष' एवढंच सांगतात. आता राजा गादीवर कधी बसला तेच नक्की ठाऊक नसेल, तर ३७वं वर्ष म्हणजे नेमकं कधी? ज्यांनी सर्व्हरचे लॉग वाचलेत त्यांना हे दुखणं कळेल. सुरुवातीचा शून्य कुठला ते माहीत नसलेला टाइमस्टँप! हिस्से बोराळ्याचा लेख ठरलेल्या शकात आहे, म्हणून आख्ख्या घराण्याच्या कालगणनेला एक खुंटी मिळाली. आणि ती मिळाली कशामुळे, तर पाण्याच्या तळ्यामुळे. वऱ्हाडात पाण्याची किंमत मी वेगळी सांगायला नको.

थोडक्यात काय, तीन तासांत आम्ही वाकाटकांची एकही भिंत पाहिली नाही, तरी कुणी कंटाळलं नाही. प्रत्येक गोष्ट किती पक्की आहे ते कळत होतं, त्यामुळे विश्वास बसत होता. भिंती नसलेल्या गावात गाइडचा शब्द हीच काय ती इमारत. तोच जर फेकाफेकी करायला लागला तर उरतं काय?

आता तुमच्या-माझ्या कामाचा मुद्दा. वत्सगुल्माचा पहिला खिसा भरला तो एका घरातल्या चार पत्र्यांनी. ते कुणी कधी वितळवून हंडा केला असता, तर सर्वसेन कदाचित अजूनही अंधारातच राहिला असता. आपल्यापैकी बहुतेकांची गावं सुटली आहेत. घरं विकली जातायत, माळे रिकामे होतायत, तांब्या-पितळेचं मोल किलोवर होतंय आणि मोडी कागद बंबात जातायत. तेव्हा या खेपेला गावी गेलात तर माळ्यावर चढा. मोडीतलं काही दिसलं तर सपाट जागेवर ठेवून, उजेडात, प्रत्येक पानाचा फोटो काढा. कागदाला प्लॅस्टिक लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. पत्र्यावर अक्षरं दिसली तर चिंचेनं घासून चमकवू नका. कुठल्या घरात, कुठल्या कोपऱ्यात सापडलं तेही लिहून ठेवा. वाचता आलं नाही तरी चालेल, मोडी वाचणारी माणसं आजही आहेत, त्यांच्यापर्यंत पोचवा.

रिठदच्या घरी माळ्यावर असंच एक गाठोडं आहे. निम्म्याचे फोटो काढून झालेत, भाचा कामाला लावलाय. अजून तरी शेतसारा आणि उसनवारीच दिसतेय. राजा एकही नाही. पण फाइलींची नावं भाच्यानं स्वतःहून दिली आहेत: खिसा एक, पान एक, खिसा एक, पान दोन...

असो. चहा थंड झाला. तुमच्या माळ्यावर काही सापडलं तर जरूर कळवा.