वैद्यकीय शोधनिबंध शोधणारे ‘एआय एजंट’ : उपयोग आणि मर्यादा

संगमनेर, खास प्रतिनिधी - तालुक्याच्या गावी विंचूदंशाचा रुग्ण रात्री दवाखान्यात आला, तर डॉक्टरांच्या हाताशी मोठे वैद्यकीय ग्रंथालय नसते. इंटरनेट मात्र असते. संगमनेरसारख्या गावातील डॉक्टरही आता शोधनिबंधांचा शोध कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘एजंट’वर सोपवू शकतात. मात्र हा एजंट नेमके काय वाचतो आणि काय वाचत नाही, हे जाणून घेतल्याशिवाय त्याच्या उत्तरावर विसंबणे धोक्याचे आहे.

एजंट म्हणजे काय?

प्रश्न समजून घेऊन, त्यासाठी कोणती पावले उचलावीत हे ठरवून, दुसऱ्या सॉफ्टवेअरकडून परस्पर काम करून घेणाऱ्या प्रणालीला ‘एआय एजंट’ म्हणतात. नुसत्या भाषिक प्रारूपाला संदर्भ मागितल्यास ते कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या निबंधाचे शीर्षक बेमालूमपणे रचून देते. हा दोष कमी करण्यासाठी एजंटला खऱ्या सूचीशी जोडणारी साधने तयार झाली.

बहुतेक साधनांचा आधार ‘पबमेड’ ही सूची आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही सूची १९९७ पासून इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत खुली असून तीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक असतो. संगणकांनी परस्पर शोध घ्यावा, यासाठी ग्रंथालयाने ‘ई-युटिलिटीज’ ही सेवा ठेवली आहे. साधन आधी शोधशब्द पाठवून क्रमांकांची यादी मिळवते आणि मग त्या क्रमांकांचे सारांश मागवते. नोंदणीशिवाय सेकंदाला तीन, तर मोफत ‘की’ घेतल्यास दहा मागण्या करता येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही खुली पद्धत जाहीर झाली. तेव्हापासून एकदा लिहिलेले साधन वेगवेगळ्या एआय प्रणालींना जोडणे सोपे झाले आहे.

महाडचे उदाहरण

महाराष्ट्रातील उदाहरण घ्यायचे तर महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या संशोधनाचे घेता येईल. लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर होणाऱ्या परिणामांविषयी त्यांचे लेखन १९८२ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध या दंशावर उपयुक्त ठरते, हे सांगणारे टिपण त्याच नियतकालिकात १९८६ मध्ये आले. पुढे २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा ७० रुग्णांवरील अभ्यास छापून आला. प्राझोसिनसोबत विंचूविषाची प्रतिलस दिलेले रुग्ण सरासरी ८ तासांत, तर केवळ प्राझोसिन दिलेले १७.७ तासांत बरे झाले. प्रकृती अधिक बिघडण्याचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. चांगल्या उत्तरात या दोन्ही बाबी आल्या पाहिजेत.

हे निबंध शोधताना एक अडचण येते. या विंचवाचे शास्त्रीय नाव बदलत गेले आहे. आधी ‘ब्यूथस टॅम्यूलस’, मग ‘मेसोब्यूथस’ आणि आता ‘हॉटेंटोटा टॅम्यूलस’. एजंटने केवळ आजचे नाव वापरले, तर जुने महत्त्वाचे लेखन निसटू शकते. पबमेडमधील ठरावीक विषयशब्दांचा वापर करणारे साधन म्हणूनच अधिक भरवशाचे ठरते.

कुलूपबंद निबंध

पबमेडमध्ये असतो तो सारांश. संपूर्ण निबंध नव्हे. जुन्या छोट्या टिपणांना तर बहुधा सारांशही नसतो. अशा वेळी एजंटच्या हाती केवळ शीर्षक लागते. ‘पबमेड सेंट्रल’ या भांडारात संपूर्ण लेख मोफत वाचता येतात. पण ते सगळेच यंत्राद्वारे मोठ्या संख्येने उतरवून घेण्याची मुभा नाही. उरलेल्यांसाठी वर्गणी लागते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेस मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असलेली ही योजना सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांसाठी आहे. खासगी दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरला तिचा थेट लाभ मिळत नाही.

दुसरा धोका मागे घेतलेल्या निबंधांचा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविषयी ‘लॅन्सेट’मध्ये २२ मे २०२० रोजी आलेला निबंध ४ जून रोजी मागे घेण्यात आला. पबमेड अशा नोंदींवर तसा शेरा मारते. परंतु साधन तो शेरा एजंटपर्यंत पोहोचवते की नाही, हे ते लिहिणाऱ्यावर अवलंबून असते.

हे तपासून घ्या

प्रत्येक विधानासोबत पबमेड क्रमांक मागावा व ती नोंद स्वतः उघडून पाहावी. उत्तर सारांशावरून दिले की संपूर्ण निबंधावरून, हे विचारावे. रुग्णसंख्या आणि प्रसिद्धीचे वर्ष पाहावे. रुग्णाचे नाव वा ओळख पटेल असा तपशील प्रश्नात लिहू नये. रुग्ण व नातेवाइकांनी अशा उत्तरावरून परस्पर औषध सुरू किंवा बंद करू नये. ते डॉक्टरांना दाखवावे.

महाडच्या रुग्णांवरून मिळालेले ज्ञान चार दशकांपूर्वी लंडनला पोहोचले. ते आता दुसऱ्या तालुक्याच्या दवाखान्यात क्षणात येऊ शकते. मात्र क्रमांक उघडून मूळ नोंद वाचण्याचे काम अजून माणसाकडेच आहे.